गोल टाकीतल्या दोन खुणा

मित्रांनो, अग्निशमन केंद्राच्या सामानखोलीत खिडकीला टेकू म्हणून एक काळपट काठी लावली आहे, ती मी. मी एक जुनी मोजकाठी आहे. आज माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण एके काळी बंबात पाणी किती उरलंय हे फक्त मलाच विचारायचे. मी सरळ लाकडाची आणि सरळ स्वभावाची. जे आहे तेच सांगते.

सुताराने सागाचा एक तुकडा निवडून मला तासलं, घासलं आणि पोटभर तेल पाजलं. तेव्हा बंबावरची टाकी पेटीसारखी चौकोनी होती. सुताराने तिची लांबी, रुंदी आणि उंची आतून मोजली, तिन्हींचा गुणाकार करून पाणी किती मावतं ते काढलं आणि माझ्या अंगावर सारख्या अंतराने दहा खुणा कोरल्या. पंप पूर्ण जोरात चालला की एका खुणेचं पाणी एक मिनिट पुरायचं. झाकण उघडून मला तळापर्यंत सोडायचं, कुठवर ओली झाले ते बघायचं, की संपला हिशोब!

पंपावर दादा असायचा. त्याचा सख्खा धाकटा भाऊ पाण्याचा पाइप धरून सगळ्यांच्या पुढे जायचा. त्याला सगळे बारक्या म्हणत, पण बारक्या नुसता नावाचा. दारातून जाताना त्याला अंग तिरकं करावं लागे. दादाच्या बायकोला त्याची फार काळजी. "अहो, भावजींना एकटं सोडू नका हं," असं ती रोज बजावायची. दादा म्हणायचा, "अगं, मी बाहेर आहे ना पाणी बघायला!"

पुढे ती टाकी गंजली आणि नवी आली. नवी टाकी नळकांड्यासारखी गोल होती आणि बंबावर आडवी बसवली होती. पाणी पहिल्याइतकंच मावावं म्हणून ती लांब केली होती. उंचीही नेमकी तेवढीच. दादाने मला आत सोडून बघितलं तर मी बरोबर झाकणापर्यंत आले. "वा! जणू हिच्यासाठीच केलीय," तो खूश होऊन म्हणाला. पुन्हा हिशोब करावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. यावं तरी कसं? टाकी भरली की दहा खुणा, अर्धी झाली की पाच, दोन्ही अगदी बरोबर. आणि पाणी अर्ध्याच्या खाली जायच्या आत टाकी पुन्हा भरली जायची.

पण मित्रांनो, आडव्या गोल टाकीचं पोट मधे रुंद असतं आणि तळ निमुळता. तळाच्या दोन खुणांमध्ये दोन मिनिटांचं पाणी कुठून येणार? धड दीड मिनिटाचंही नव्हतं. मला कळते ती फक्त पाण्याची खोली. तेवढ्या खोलीला पाणी किती, ते टाकीच्या आकारावर ठरतं, आणि मला तोंड नाही.

एका दुपारी गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. दुसरा बंब अजून वाटेतच होता आणि म्हातारा पहारेकरी मागच्या खोलीत अडकला होता. बारक्या दारातून ओरडला, "दादा, पाणी किती?"

दादाने मला वर ओढलं. "दोन खुणा! दोन मिनिटं आहेत!"

"बास झाली. घेऊन येतो त्यांना," असं म्हणून बारक्या आत गेला.

तो फवारा मारत मागच्या खोलीपर्यंत पोचला. म्हाताऱ्याला खांद्यावर टाकून वळला आणि तेवढ्यात पाइप ढिला पडला. बाहेर पंप कोरडा खरखरू लागला. "अरे, असं कसं? अजून पाणी आहे!" दादा वेड्यासारखा टाकीवर हात आपटत होता. मग तो "बारक्या, फीर मागे! पाणी संपलं रे!" असं इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला. मधलं दार पेटलं होतं. बारक्याने ते दोन्ही हातांनी ढकललं आणि म्हाताऱ्याला बाहेर आणलं. दोघंही वाचले. पण बारक्याची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. पाइप सोडाच, त्याला शर्टाचं बटणही लावता येईना.

तो दवाखान्यातून आला त्या दिवशी दादाने कुऱ्हाड उचलली. "हिचे तुकडेच करतो!"

"तिने काय केलंय रे?" बारक्या म्हणाला. "नवी टाकी बसवली तेव्हा आपण दोघंही होतो तिथे. एकाने तरी पुन्हा मोजून बघितलं का?"

दादाने कुऱ्हाड खाली टाकली आणि तो ढसाढसा रडला. एवढा मोठा माणूस रडताना मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मग त्याने रंधा मारून माझ्या जुन्या खुणा काढून टाकल्या. टाकी रिकामी केली. एका मिनिटाला लागतं तेवढं पाणी मापून ओतायचं, मला आत सोडायचं आणि ओल जिथवर येईल तिथे चाकूने कोरायचं. दादा कोरायचा आणि बारक्या शेजारी उभं राहून "नीट बघ, घाई करू नकोस" म्हणायचा. नव्या खुणा तळाशी लांब लांब आल्या, मधे दाट आणि वर पुन्हा लांब. दिसायला मी विचित्र झाले खरी, पण पुढे कित्येक वर्षं माझ्या खुणांनी कोणाला दगा दिला नाही.

आता नव्या बंबाला पाणी किती ते दाखवणारं काट्याचं घड्याळ आहे. मी खिडकी धरून उभी असते आणि पाऊस आत आला की भिजते. कोणाला वाटलंच तर माझ्या अंगाला थोडं तेल लावा, मला बरं वाटेल. पण मित्रांनो, माझं नाही ऐकलंत तरी चालेल, एवढं मात्र ऐकाच. भांडं बदललं की माप पुन्हा घ्या. त्याचा आकार बघा, आतून मोजा, पाणी ओतून खात्री करा आणि मगच आकडा सांगा. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणाचा तरी भाऊ आगीत शिरणार असतो.