पडणं हेच माझं काम

मी झडप बोलतेय. दाराखिडकीची नव्हे. पांढुर्ण्याच्या पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक उभी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर पितळेच्या छोट्या झडपांच्या रांगा होत्या. प्रत्येक झडप म्हणजे एक फोन. त्या रांगांतली मी एक, अंगठ्याच्या नखाएवढी.

माझं काम एका शब्दात सांगते: पडणं. माणसं पडली की ओशाळतात. मला मात्र पडण्याचाच अभिमान आहे. गावात कोणी फोनचं हँडल गरागरा फिरवलं की तारेतून वीज धावत यायची, माझ्यामागची तारेची गुंडाळी लोहचुंबक व्हायची, माझी कडी उचलायची आणि मी खट्‌कन पुढे पडायची. मी पडले की घंटी वाजायची. पाटीसमोर बसलेल्या माणसाला एवढंच कळायचं की हातातलं काम क्षणभर बाजूला ठेव, इकडे बघ, कोणाला तरी तू हवा आहेस. काय हवंय, का हवंय, हे तो नंतर तार जोडून विचारून घ्यायचा. आणि बोलावतंय कोण, हे सांगावंच लागायचं नाही. ते माझ्या जागेवरूनच कळायचं. माझ्यावर आकडा होता सावरगावच्या जिनाचा, म्हणजे नदीपलीकडच्या त्या कारखान्याचा, जिथे कापसातून सरकी काढतात.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यातला. स्वातंत्र्य नवं होतं. मला घडवणारी माणसं हातातल्या पितळेकडे असं बघायची, जणू त्यातून देशच घडवायचा आहे. ती नजर मला चिकटली. पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने मी पांढुर्ण्याला उतरले तेव्हा माझा ठाम समज होता की मी या गावाचं भलं करायला आले आहे. तो समज अजून गेलेला नाही.

पाटीसमोर पहिले बसले पुंडलिकराव. तारखात्यात केस पिकलेला, अत्यंत सज्जन माणूस. त्यांची अडचण एकच होती. कोणी बोलावल्यावर जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. दारी आलेल्याला पाणी मागावं लागू नये, तसा फोनवाल्याला फोन मागावा लागू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी बसले की ते पहिल्या लाईनपासून एकेकाला स्वतःच घंटी द्यायचे.

“पुंडलिकराव बोलून राहिलो जी. कुठं लावून द्याचं आहे काय?”

“नाही बाप्पा, आंघोळ करून राहिलो ना!”

“असू द्या, असू द्या. मंग विचारतो.”

असं करत शेवटच्या लाईनपर्यंत जायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शंभरातल्या नव्वद जणांना काही नको असायचं. ज्याला हवं असायचं तो आपली पाळी येईपर्यंत ताटकळायचा. आम्ही खटाखट पडायचो, घंटी वाजत राहायची, आणि पुंडलिकराव म्हणायचे, “आलो, आलो, रांगेनं येऊन राहिलो.” एवढा आपुलकीचा आणि एवढा निरुपयोगी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मग सुनंदा आली. सौंसरच्या मास्तरांची मुलगी, मावशीकडे पुण्यात शिकलेली. तिथेच चांगली नोकरी मिळत होती, पण ती परत आली. “तिथे फोन जोडणारे पुष्कळ आहेत,” ती म्हणायची. “माझ्या गावचं कोण जोडणार?” बोलताना तिचे डोळे चमकायचे. जुनी माणसं गालात हसायची. मी नाही हसले. मला ती माझ्याच कारखान्यातून आल्यासारखी वाटली.

पहिल्याच दिवशी ती पुंडलिकरावांना म्हणाली, “काका, तुम्ही विचारत फिरू नका. आपलं काम करत बसा. ज्याला गरज आहे तो सांगेल.”

“अन् नाही सांगितलं तर?”

“झडप सांगेल. ती त्यासाठीच आहे.”

तिने त्यांना सगळी रीत शिकवली. झडप पडली की हातातलं काम जिथे आहे तिथे खूण ठेवून थांबवायचं, अर्धवट फेकायचं नाही. ज्याने बोलावलं त्याचं काम करायचं, झडप बोटाने वर लावायची, आणि मग बरोबर त्या खुणेवर परत यायचं. दोन झडपा एकदम पडल्या तर आधी दवाखाना आणि पोलीस, मग बाकीचे. “अन् यशवंतराव?” पुंडलिकरावांनी विचारलं. यशवंतराव म्हणजे गावातले मोठे कापडवाले आणि त्याहून मोठे पुढारी. सुनंदा म्हणाली, “काका, शेठजींनी हँडल फिरवो की झाडूवालीने, झडप सारखीच पडते. यंत्राला कळतं, ते आपल्याला कळायला नको?”

महिनाभरात एक्स्चेंज असं चालू लागलं की मोहगावची माणसंही नाव काढू लागली. पुंडलिकरावांना दुपारी निवांत पान लावायलाही वेळ मिळू लागला. “हे तं मजेचं आहे वं,” ते म्हणाले.

त्यानंतरची ती दिवाळी. त्याच दिवसांत राज्यांची नवी मांडणी झाली. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती, आता ते परक्या राज्यात गेलं आणि आमची राजधानी भोपाळ झाली. ज्याचे त्याचे नातेवाईक नव्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे वाटले गेले. सगळ्यांनाच कोणाशी तरी बोलायचं होतं. यशवंतरावांना बोलायचं होतं भोपाळशी. त्यांचा मेहुणा नव्या सचिवालयात लागला होता. दुपारपासून ते एक्स्चेंजच्या बाकावर कॉलची वाट पाहत बसले होते.

दिवेलागणीला पुंडलिकराव टोपलीभर झेंडू घेऊन आले. लक्ष्मीपूजनाला दुकानदार वजनकाट्याला हळदकुंकू वाहतो, गिरणीवाला जात्याला वाहतो. मग आपल्या पाटीने काय घोडं मारलं? त्यांनी जाड, घट्ट हार केला आणि आडवा, दोन खिळ्यांना ताणून बांधला. नेमका आमच्या वरच्या रांगेवरून.

सुनंदाने मान वळवली. “काका, हार वर चौकटीला बांधा ना.”

“वर तं लाकूड आहे, पोरी. लक्ष्मी खाली बसली आहे.”

तिला हसू आलं. तेवढ्यात भोपाळच्या लाईनवर खरखर सुरू झाली आणि ती कानावरचा फोन घट्ट धरून तिकडे वळली.

मला कुंकू लागलं, उदबत्तीचा वास आला. इतका मान मला कधी मिळाला नव्हता. आणि थोड्या वेळाने कळलं की मला पडता येत नाही.

आधी माझ्या शेजारणीची कडी उचलली. शेजारीण पुढे झुकली, झेंडूवर टेकली आणि तशीच राहिली. घंटी नाही, काही नाही. तिकडच्या माणसाने कंटाळून फोन ठेवला असेल. पुंडलिकराव समाधानाने म्हणाले, “आज लोक सुखात दिसून राहिले. कोनी बोलावून नाही राहिलं.”

मग माझी गुंडाळी तापली. जिनातून कोणीतरी हँडल फिरवत होतं. सवयीचा हात नव्हता, मुनीमजींसारखे तीन ठसकेबाज फेरे नव्हते. हा हात वेड्यासारखा, न थांबता फिरत होता. माझी कडी केव्हाच सुटली होती. मी कपाळ झेंडूला टेकून उभी होते, माझ्यामागचा लोखंडी तुकडा टर्र टर्र थरथरत होता, आणि समोर हातभर अंतरावर बसलेल्या भल्या माणसाला माझी हाक पोहोचत नव्हती. कानात बोळे असते तर ते कोणाला तरी दिसले असते. पण माझं तोंड फुलांनी बंद केलं होतं. फुलांवर कोण संशय घेतो?

तो हात थांबला नाही. म्हणूनच माझ्या धडपडीने हार हलू लागला आणि पाकळ्या पुंडलिकरावांच्या पानाच्या डब्यावर गळू लागल्या.

“पाकळ्या काहून गळून राहिल्या? वारा तं नाही.” त्यांनी वाकून कान पाटीला लावला. तारखात्यात आयुष्य गेलेला कान. ती टरटर ऐकताच त्यांचा चेहरा पालटला. हात हाराकडे गेला आणि तिथेच अडला.

बाकावरून यशवंतराव म्हणाले, “अहो पुंडलिकराव, आजच्या दिवशी लक्ष्मीचा हार तोडता काय?”

“लक्ष्मीच बोंबलून राहिली जी!” म्हणत त्यांनी हार हिसडला.

मी पडले. खट्! घंटी वाजली. आयुष्यात एवढ्या जोरात मी कधी पडले नव्हते.

सुनंदा तेव्हा भोपाळला म्हणत होती, “हो, पांढुर्णा बोलतंय, पार्टी हजर आहे...” तिने ते वाक्य तिथेच थांबवलं, “एक मिनिट थांबा, लाईन सोडू नका,” म्हणाली आणि दुसरी तार माझ्याखाली खोचली.

“एक्स्चेंज. नंबर सांगा.”

“नंबर-फंबर मले नाही ठाऊक वं माय! जिनात आग लागली. फटाका पडला कापसावर. बाया आतमंदी कोंडल्या हायेत, भाईरून कुलूप हाये!”

कोणतं जिन, हे सुनंदाने विचारलंच नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. “किल्ली कोणाजवळ?”

“मुकादमाजवळ. काम टाकून बाया पळतीन म्हनून कुलूप लावून गेला. भैय्याजीच्या घरी पूजेले. मी पान्याले गेल्ती, म्हनून भाईर राहिली.”

“तुमचं नाव?”

“देवका.”

“देवकाबाई, दाराशी जा आणि ओरडून सांगा, किल्ली निघाली. बायकांना दाराजवळच्या भिंतीशी खाली बसायला सांगा, धूर वर जातो. जा!”

भैय्याजी म्हणजे जिनाचे मालक. त्यांचा फोन उचलला गेला तेव्हा मागे आरती चालू होती.

“भैय्याजी, तुमच्या जिनात आग आहे. मुकादमाला किल्लीसकट जीपमध्ये बसवा. आत्ताच्या आत्ता.”

“कोण बोलून राहिलं?”

“एक्स्चेंज!”

मग नगरपालिकेचा पाण्याचा टँकर, मग दवाखाना. तारा खोचल्या, काढल्या, पुन्हा खोचल्या. सगळं झाल्यावर तिने श्वास घेतला, सोडलेल्या जागी परत आली आणि भोपाळची तार हातात धरून शांतपणे म्हणाली, “यशवंतराव, भोपाळ लाईनवर आहे. बोला.”

यशवंतराव उभेच होते. दुपारपासून ज्या कॉलसाठी बसले होते त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. “त्याले सांग, मंग बोलतो. मी सावरगावले चाललो. तिथं माणसं लागतीन.” आणि धोतराचा सोगा खोचत ते धावले.

कुलूप उघडलं. कापसाची एक अख्खी गंजी राख झाली, पण बाया सगळ्या बाहेर आल्या. खोकत, रडत, मुकादमाच्या नावाने बोटं मोडत बाहेर आल्या.

भाऊबीज झाल्यावर देवकाबाई एक्स्चेंजमध्ये आली. दारातच विचारलं, “माहं कोनं आयकलं?” सुनंदाने मला दाखवलं. ती जवळ आली, खरखरीत बोटाने मला हळूच दाबून पाहिलं आणि म्हणाली, “एवढुशीच हायेस वं माय!” पुंडलिकरावांनी तिला स्वतः पाणी आणून दिलं. त्या दिवसानंतर त्यांचा हार वरच्या लाकडालाच लागला. आणि सुनंदाने मिस्त्री बोलावून जिन, दवाखाना आणि पोलीस स्टेशन यांच्या झडपांना एक वेगळी घंटी लावून घेतली. ती बंद करायला बटणच ठेवलं नाही.

पुढे आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं. आमची पाटी भिंतीवरून उतरली आणि बरीच वर्षं एका गोदामात पडून राहिली. उंदरांनी माझ्या तारांवरचा कापूस नेला. मला दुःख झालं नाही. ज्याचं काम चांगलं झालेलं असतं त्याला अंधार फार खात नाही.

आता मी सौंसरच्या एका कॉम्प्युटर वर्गात, काचेशिवायच्या उघड्या फळीवर आहे. तिथे शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंनी मला भंगारातून उचललं. एकदा दिलीप नावाच्या मुलाने त्यांना विचारलं, “मॅडम, प्रोसेसर इतक्या कामात असतो, तरी मी की दाबली हे त्याले कसं कळतं? तो कीबोर्डकडे पाहूनच राहतो काय?”

“पाहत राहू शकतो,” त्या म्हणाल्या. “सारखं विचारायचं, कीबोर्ड, काही आहे का? माऊस, काही आहे का? पण त्यातच त्याचा वेळ जाईल. म्हणून कीबोर्ड स्वतः इशारा करतो. त्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातली सूचना पूर्ण करतो, आपण कुठे होतो ते लिहून ठेवतो, ज्याने बोलावलं त्याच्यासाठी ठरवून दिलेलं काम करतो आणि परत त्याच जागी येतो. दोघांनी एकदम बोलावलं तर आधी कोण, हेही ठरलेलं असतं.”

“अन् त्यानं ऐकायचंच नाही म्हटलं तर?”

“थोडा वेळ कान बंद करू शकतो. नाजूक काम चालू असेल तर करावेच लागतात. इशारा तोवर दाराशी थांबून राहतो. पण एक तार अशी असते की तिच्याकडे कान बंद करताच येत नाहीत. मेमरीच बिघडली, वीजच चालली, असल्या वेळेसाठी.”

मी फळीवर थरारले. ही तर आमच्या पाटीची रीत! पितळेची जागा सिलिकॉनने घेतली, हँडलची जागा बोटाच्या टिचकीने घेतली, एका सेकंदात हजारो हाका येऊ लागल्या. पण बोलावणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार तोच राहिला.

मुलांनो, उद्या तुम्ही यंत्रं बनवाल, कचेऱ्या चालवाल, कदाचित राज्यंही चालवाल. कोणाला आधी ऐकायचं, कोणाला थांबवायचं, हे तुम्हीच ठरवाल. थांबवा खुशाल. सगळ्यांचं सगळं एकदम ऐकणारा कोणाचंच काम करू शकत नाही. पण नंबर ठाऊक नसलेली, रीत ठाऊक नसलेली एखादी देवकाबाई जिवाच्या आकांताने हँडल फिरवेल, तिच्यासाठी एक तार मोकळी ठेवा. ती कोणालाही झाकता येऊ नये. रागाने नाही, हुकमाने नाही, आणि कितीही आदरानेसुद्धा नाही.