तपासनीस बाईंचा ओठ

सॉसच्या कारखान्यात चव तपासणारी ती एकटीच. प्रत्येक घाणा उतरला की चमचाभर सॉस तिच्या जिभेवर जायचा, आणि तिने मान डोलावल्याशिवाय बाटल्या भरायला सुरुवात व्हायची नाही. दिवसाला वीस चमचे. "यंत्राला कळत नाही ते बाईंना कळतं," साहेब म्हणायचे. याचा तिला भारी अभिमान.

गेले आठ महिने मात्र संध्याकाळ झाली की ओठ सुजायचा, मानेवर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि बोट ठेवलं ते सॉसमधल्या पांढऱ्या पुडीवर. बाटलीवर तिला आम्लता नियंत्रक म्हणतात. आंबटपणा कमीजास्त होऊ नये म्हणून घालतात. "सगळ्यांना बाधत नाही, तुम्हाला बाधते. बंद करा." डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! चाखणं बंद म्हणजे बाई घरी. जीभ सोडली तर तिला दुसरं काही येत नव्हतं.

"साहेबांना सांग," नवरा रोज म्हणायचा.

"आणि मग खायचं काय?"

ती गळ्यापर्यंत बटणं लावून कामाला जायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

सोमवारी साहेबांनी एक तक्रारपत्र पुढे सरकवलं. तक्रारींवरची नावं ते कधी वाचत नसत. "नेहमीचं उत्तर पाठवा."

पहिलीच ओळ तिने दोनदा वाचली. 'तुमच्या सॉसने माझ्या बायकोचा ओठ सुजतो.' अक्षर नवऱ्याचं, पत्ता घरचा. बायको कुठे काम करते, तेवढं शहाण्याने लिहिलं नव्हतं.

नेहमीचं उत्तर छापील होतं. 'आमच्या तपासनीस बाई हाच सॉस दिवसातून वीस वेळा चाखतात. त्यांना आजवर कसलाही त्रास झालेला नाही.' हे वाक्य तिनेच सुचवलं होतं, चार वर्षांपूर्वी, मोठ्या तोऱ्यात. तेव्हा ते खरंही होतं. खाली तिचीच सही लागायची.

"करा की सही, टपाल निघायचंय," साहेब म्हणाले.

तिने केली. इतकी लाज वाटली की अक्षर वाकडं आलं.

गुरुवारी ती घरी आली तेव्हा नवरा ते उत्तर घेऊन टेबलाशी बसला होता. ती दारातच थांबली. त्याने दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली, सहीवर बोट ठेवलं, कागदाची घडी घातली. निदान ओरडेल तरी, असं तिला वाटलं. तो उठला, दुधावरची साय वाटीत काढली आणि वाटी तिच्या हातात दिली.

"तुमच्या त्या तपासनीस बाईंना दे," तो म्हणाला. "ओठ फार सुजलाय त्यांचा."