पाठीवरची चौदा नावं

समाजसेवा करायला चौदा माणसं लागतात, आणि त्यांतल्या तेरांना फोटोत मधे उभं राहायचं असतं. चौदावे शिंपीमास्तर. मधे उभं राहायचं त्यांनाही होतंच, पण ते बोलून दाखवत नसत, एवढाच फरक.

क्लबाचा नियम असा, की अध्यक्षपद ज्येष्ठतेने फिरतं. ज्याची पाळी, तो वर्षभर फोटोत मधे. मास्तर सगळ्यांत नवे, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी आलेले. अकरा वर्षं ते फोटोच्या कडेला होते: कधी कान, कधी अर्धा चष्मा, कधी नुसता खांदा. सगळे फोटो जोडले असते तर मास्तरांचा जेमतेम एक चेहरा निघाला असता. पण आता बाकीच्या सगळ्यांचं अध्यक्षपद भोगून झालं होतं आणि पुढच्या महिन्यात पाळी त्यांची होती. घरात ते भाषणाची तालीमही करू लागले होते. बायको म्हणाली, "अध्यक्ष, आधी दूध उतू जातंय ते बघा."

यंदाचा उपक्रम होता शाळेच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाला नवे टी-शर्ट देण्याचा. मास्तर शिवणार, हे एका मिनिटात ठरलं. पाठीवर काय छापायचं यावर मात्र तीन बैठका झाल्या. अध्यक्षांचं नाव तर हवंच. अध्यक्ष दातांचे डॉक्टर, आणि निम्मा क्लब तोंड वासून त्यांच्या खुर्चीत बसणारा, त्यामुळे त्यांना नाही कोण म्हणणार? मग माजी अध्यक्ष रुसले. मग त्यांच्या आधीचे. शेवटी चौदाही नावं पदांसकट पाठीवर घ्यायचं ठरलं. मानेपासून निघालेली यादी कमरेपर्यंत पोचली. मास्तरांचं नाव शेवटचं, म्हणजे मुली टी-शर्ट जिथे आत खोचतात बरोबर तिथे. पुढे छातीवर क्लबाचं बोधचिन्ह, ताटाएवढं.

सामन्याच्या दिवशी सकाळी सगळं रीतसर पार पडलं. फीत कापायला कात्री मास्तरांचीच, दरवर्षीप्रमाणे. अध्यक्षांनी खेळाचं महत्त्व सांगितलं, मग आरोग्याचं, मग दात दिवसातून दोनदा घासण्याचं. निळ्या टी-शर्टातल्या आठ मुली हॉलबाहेर उन्हात वाळत घातल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या. फोटो झाला. यानंतर चहा आणि चहानंतर आपापल्या घरी, अशी क्लबाची जुनी पद्धत. मंडळी चहाकडे वळली, तेवढ्यात खेळाच्या बाई धावत आल्या.

"अहो, नंबर कुठे आहेत?"

"कसले नंबर?" अध्यक्षांनी विचारलं.

"टी-शर्टवरचे! पुढे आणि मागे नंबर नसेल तर पंच खेळू देत नाहीत. आत्ता पंचांनी विचारलं तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. पार्सल तुम्ही थेट आज आणलंत!"

चौदा जण एकमेकांची तोंडं बघू लागले. अठरा वर्षं हा क्लब सामन्यांची उद्घाटनं करत होता, पण खेळाडूच्या पाठीवर नंबर असतो हे चौदांतल्या एकालाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? उद्घाटनानंतर सामना होतो, ही त्यांच्या लेखी ऐकीव गोष्ट होती.

"नावं आहेत ना चौदा?" अध्यक्ष म्हणाले. "त्यांतल्या एकेका नावाने ओळखा म्हणावं."

मागून आलेले पंच शांतपणे म्हणाले, "आठही जणींच्या पाठीवर तीच चौदा आहेत, डॉक्टर. चूक झाली तर कुणाची लिहू? तुमची? पंधरा मिनिटं देतो. नाहीतर समोरचा संघ विजयी."

जुने टी-शर्ट धाकट्या मुलींना वाटून झाले होते. निळ्या कापडावर पेन उमटेना. पांढरं कापड हवं होतं, आणि सगळ्या हॉलमध्ये पांढरं कापड एकच होतं: भिंतीवरचा क्लबाचा बॅनर. मास्तरांनीच शिवलेला, वीतभर अक्षरांत अध्यक्षांचं नाव असलेला. मास्तरांची नजर तिकडे गेली. अध्यक्षांची नजर मास्तरांकडे गेली.

"मास्तर," अध्यक्ष हळूच म्हणाले, "त्याला कात्री लावलीत तर पुढच्या महिन्याचं विसरा. मी स्वतः विरोध करीन."

खोटं कशाला सांगा, मास्तरांनी आधी स्वतःचाच विचार केला. अकरा वर्षं! त्यांना मधली खुर्ची दिसली, भाषण दिसलं, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या. मग संघाची कर्णधार दिसली. उंचीमुळे तिला सगळे शिडी म्हणत. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. निमूटपणे गुडघ्याचे पट्टे सोडत होती, जणू मोठी माणसं असं करतातच, हे तिला ठाऊक होतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पट्टे बांध गं परत," ते खेकसले आणि स्टुलावर चढले.

पहिला आकडा बॅनरवरच्या अध्यक्षांच्या आडनावातून कापून निघाला. मास्तर घरून निघताना एक वेळ चप्पल विसरतील, सुईदोरा नाही. बाई सुया ओवत होत्या, मुली रांगेने पुढे येत होत्या, मास्तर कचाकच टाके घालत होते. पाठीवरचे माजी अध्यक्ष एकामागून एक झाकले गेले, पुढची बोधचिन्हंही. शिडीच्या आठ नंबरवर 'डॉ.' तेवढं शिल्लक राहिलं. पंचांनी घड्याळ पाहिलं, 'डॉ.'कडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली.

"मी पाहून घेईन," म्हणत अध्यक्ष निघून गेले. त्यांच्यामागे बाराही जण गेले. चहा थंड होत होता ना!

मास्तर थांबले, ते केवळ टाके उसवतील म्हणून. एका बाकावर एकटेच बसले. खेळ त्यांना ओ की ठो कळत नव्हता, पण शिडी उडी मारून चेंडू हाणायची तेव्हा ते आपोआप उभे राहायचे. चेंडू जाळ्यात जाऊ दे, बाहेर जाऊ दे, छताला लागू दे, मास्तरांच्या टाळ्या चालूच. शेवटी तर त्यांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टीही मारली. पंचांनी वळून पाहिलं.

खेळ संपल्यावर शिडी घाम पुसत त्यांच्याजवळ आली.

"टाके टिकले, काका."

"टिकणारच! जिंकलो ना आपण?"

"हरलो. सरळ तीन सेट."

"हात्तिच्या! मग मी एवढ्या टाळ्या कशाला पिटत होतो? सांगायचं तरी."

"मी सांगायला येणार होते," शिडी म्हणाली. "पण पोरी म्हणाल्या, राहू दे, वाजवू दे त्यांना. सगळ्यांचे आईबाबा कामावर असतात. आमच्या मॅचला आजवर शेवटपर्यंत कुणी बसलंच नव्हतं."

मास्तरांना अध्यक्षपद गेल्याचं वाईट वाटत होतंच. पण हे ऐकून लाज वाटली ती त्याहून मोठी होती. अकरा वर्षं ते याच दारातून चहाला गेले होते.

"पुढची कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी, आठ वाजता. पण काका, उद्घाटन वगैरे काही नाहीये."

"देव पावला," मास्तर म्हणाले. "मग वेळेवर सुरू होईल."