घारूची अलाइनमेंट

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. सोमवार ते शनिवार धंतोलीतल्या दवाखान्यांच्या जिन्यांवर बॅग सांभाळत उभा असतो. डॉक्टरसाहेब मान वर न करता 'पुढच्या महिन्यात या' म्हणाले, तरी 'थँक्यू सर' म्हणून हसतो. सहा दिवस असं हसलेल्या माणसाला सातव्या दिवशी थोडं वाईट वागावंसं वाटलं, तर त्यात नवल काय? म्हणून रविवारच्या आमच्या खेळात मी घारू नावाचा चोर आहे.

खेळ म्हणजे फासे, कागद, पेन्सिली आणि एक गोष्ट. प्रशिकचा धंतोलीतच दातांचा दवाखाना आहे. रविवारी तो बंद असतो, म्हणून दुपारी आम्ही चौघं तिथल्या वेटिंग रूममध्ये टेबलाभोवती बसतो. गोष्ट दिपाली चालवते. गाव, जंगल, राजा, राक्षस सगळं तिचं. आम्हा तिघांचं त्यात एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो आणि पुढे काय झालं ते दिपाली सांगते. प्रत्येकाच्या कागदावर अलाइनमेंटचा एक चौकोन असतो. आपलं पात्र मनाचं चांगलं की वाईट, नियमाला धरून वागणारं की नियम धाब्यावर बसवणारं, ते त्यात लिहायचं. हर्षा शाळेत गणित शिकवते; तिच्या तेजा या योद्धीच्या चौकोनात लिहिलंय, 'चांगली, वचनाला जागणारी'. माझ्या चौकोनात मी पेनने ठळक लिहिलं होतं, 'वाईट'.

दिपालीचं कौतुक करायला लागलो तर मला आवरावं लागेल. ती एका मोठ्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. अख्ख्या विदर्भातून आलेली माणसं तिच्या खिडकीपाशी आपलं दुखणं आणि त्याबरोबर घरची भांडणंही सांगतात, आणि ही बाई सगळं ऐकून घेते. त्यामुळे तिच्या गोष्टीतला राक्षससुद्धा आधी गुडघ्याची तक्रार करतो आणि मग अंगावर येतो. मूळची ती कुहीकडची, धानाच्या मुलखातली, म्हणून तिच्या राजांना लढाईच्या आधी धानाची काळजी पडते. नसलेलं गाव ती असं उभं करते की चार वर्षांत मी तिच्या टेबलाशी एकदाही घड्याळाकडे पाहिलेलं नाही.

अशाच एका गावात घारूने घाण केली. पुरात त्या गावाचं सगळं वाहून गेलं होतं, उरली होती फक्त बियाण्याच्या धानाची एक कोठी. गावाने तिची किल्ली तेजाकडे दिली आणि पेरणीपर्यंत यातला दाणाही हलणार नाही, असा शब्द तेजाने दिला. हर्षाने तीन महिन्यांचे रविवार त्या शब्दापायी घालवले. एकदा तेजा नावाड्याशी बोलायला नदीवर गेली, तेवढ्यात मी कुलूप उघडायला फासा टाकला. वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस पडले, कुलूप उघडलं. सगळं धान वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना देऊन घारूने एक अंगठी घेतली. अंगठीत जादूसुद्धा नव्हती.

"काहून केलं तू हे?" हर्षाने विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं: मी नाही केलं, घारूने केलं, त्याची अलाइनमेंटच तशी आहे. चार वर्षं हे वाक्य खपलं होतं. प्रशिकचं पात्र असलेल्या वैद्याची झोळी मारली तेव्हा खपलं, लढाईतून पळालो तेव्हाही खपलं. या वेळी हर्षाने फासे डबीत भरले. पुढच्या रविवारी येईन ते शेवटचं, तेजाला नीट निरोप देऊन जाईन, असं तिने दिपालीला सांगितलं. प्रशिक म्हणाला, हर्षा नसेल तर मग खेळच राहू द्या.

मी चिडलो. नियमात बसतं ना, मग झालं तर, असं स्वतःशी बडबडत जिना उतरलो. घरी मात्र एक गोष्ट ध्यानात आली. माझी वाट कोणीतरी पाहतं असे आठवड्यातले तेवढेच चार तास होते, आणि ते मी एका फुटक्या अंगठीपायी घालवायला निघालो होतो.

दिपाली आता घारूच्या डोक्यावर दरड पाडणार, या तयारीने मी पुढच्या रविवारी गेलो. तिने काहीच केलं नाही. नावाड्याच्या बायकोने, गोपिकाने, पाहुणा म्हणून घारूलाच पहिल्यांदा पेज वाढली. त्याच्यावर कोणाचा संशयच नव्हता. संशय होता तेजावर, कारण किल्ली तिच्याकडे. गाव पारावर जमलं. म्हाताऱ्या देवरावाने तेजाला विचारलं, त्या दिवशी कोठीजवळ कोण होतं? घारू होता, ती म्हणाली. मग त्याच्यावर तुझा संशय आहे का, देवरावाने विचारलं.

आमच्या टेबलाचा एक रिवाज आहे. खेळणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या पात्राला ठाऊक नसते. हर्षाने माझी चोरी डोळ्यांदेखत पाहिली होती, तेजाने काहीच पाहिलं नव्हतं. मी स्वतः हा रिवाज सोयीप्रमाणे विसरतो. हर्षा तर आल्यापासून माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. तिने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर तेजा सुटली असती आणि मला माझ्या कर्माचं फळ मिळालं असतं.

"घारू माझा सोबती आहे," ती तेजाच्या तोंडून म्हणाली. "माझा त्याच्यावर भरवसा आहे. त्याच्यासाठी मी जामीन राहते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हर्षा इतकी मोठी खेळाडू आहे हे मला चार वर्षं तिच्या शेजारी बसून कळलं नव्हतं. देवरावाने मान हलवली. जामीन खोटा ठरला तर तेजाचं वचनाला जागण्याचं व्रत मोडेल, तिने तलवार इथेच ठेवायची आणि गाव सोडायचं, असं तो म्हणाला. मग दिपालीने देवरावाचा आवाज बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"सांग गा सौरव. घारू काय करून राहिला?"

मी कागदाकडे पाहिलं. उत्तर तिथे लिहिलेलंच होतं: गप्प बसायचं, अंगठी मुठीत ठेवायची. आजवर प्रत्येक वेळी मी त्या चौकोनाला विचारूनच बोललो होतो. आज मी कागद बाजूला सारला.

"घारू उभा राहते," मी म्हणालो. "म्हणते, चोरी माह्या हातची आहे. तेजाले सोडा."

दिपालीने शाबासकी दिली नाही, की शिक्षेत सूटही दिली नाही. घारूने पेरणीच्या आत व्यापाऱ्यांच्या मागे पायी जाऊन धान परत आणायचं, नाहीतर या नदीकाठी तोंड दाखवायचं नाही, असा पंचांनी निकाल दिला. आपला वैद्य त्याच्यासोबत जाईल, असं प्रशिक हळूच म्हणाला. हर्षाकडे पाहायचा धीर होईना, म्हणून मी प्रशिकच्या टेबलावरचं व्हाइटनर उचललं आणि त्या चौकोनावर लावायला वाकलो. तेवढ्यात तिने माझ्या कागदावर हात ठेवला.

"खोडू नको," हर्षा म्हणाली. "चांगला माणूस खरं बोलला तं त्यात काय मोठं? मले पुढच्या रविवारी हेच पाहाचं आहे, हा वाईट माणूस आता काय करते ते."