माझं पाणी कोण पीत होतं

मी एक जुनी डिझेल जीप आहे. फुलसावंगीच्या स्टँडवर मागच्या रांगेत जिचा डावा दिवा जरा तिरळा बघतो, तीच मी. मित्रांनो, माझं वय विचारू नका. फाटक्या सीटमधून डोकावणारा काथ्या ते आपणहून सांगतो.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा कुठे आठवतो? पण या गावात आले तो दिवस पक्का आठवतो. मला दोघांनी मिळून आणलं. एक तांड्यावरचा रामसिंग, मिशीला रोज तेल लावणारा आणि सदा बडबडणारा. दुसरा विहाराशेजारचा नागोराव, दहा शब्दांच्या जागी दोन वापरणारा. दोघं एकाच ट्रकवर क्लीनर होते, तेव्हापासूनची त्यांची दोस्ती. एकट्याला गाडी झेपणारी नव्हती, म्हणून पाळी ठरली. एक दिवस रामसिंगचा, एक दिवस नागोरावचा. ज्याचा दिवस, त्याची कमाई. आणि ज्याच्या दिवशी बिघाड, त्याचाच खर्च. नियम सोपा वाटतो ना? त्यानेच पुढे घात केला.

चांगली वर्षंही मी पाहिली. कापूस निघाला की दिग्रसच्या बाजाराला जायला माझ्यात जागा मिळत नसे. उतरलेल्या बायकांच्या लुगड्यांवरचा कापूस सीटला चिकटून राही आणि दिवसभर मी पांढरी पांढरी दिसे. "या दोघायची गाडी म्हणजे भरोशाची," असं लोक म्हणत. मीही ते ऐकून थोडी फुगत असे.

मग दोन हजार पाच-सहाची ती वर्षं आली. कापसाला भाव उरला नाही. माणसं बाजाराला जाईनात, लग्नालाही घरातून एकच जण जाऊ लागला. सीट रिकाम्या राहिल्या की डोक्यात नको ते विचार भरतात.

अशात एका सकाळी रामसिंगने रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी खाली गेलेलं.

"काहून गा नागो, काल पाणी नाही टाकलं?"

"गळ्यापर्यंत टाकलंतं."

"मंग गेलं कुठी? खाली त थेंब नाही!"

"थेच मी तुले इचारून राह्यलो."

दोघंही हसले. पण दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा कमी, तिसऱ्या दिवशीही कमी. मग कोणी हसेना. रामसिंगला वाटू लागलं, हा आपल्या दिवशी टपावर पोती लादून मला चढाला रगडतो आणि पाणी आटवतो. नागोरावला अगदी हेच रामसिंगबद्दल वाटत होतं. एकाने रात्रभर माझ्याखाली खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवला. तो कोरडा निघाला. दुसऱ्याने बॉनेटला सुताचा दोरा बांधला आणि गाठ लक्षात ठेवली. सकाळी गाठ तशीच होती, पाणी मात्र कमी. रामसिंगची बायको लालीबाई शहाणी. तिने रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. बारीक भोक असेल तर हळदीने बुजतं, असं आमच्याकडचे ड्रायव्हर मानतात. पण जिथून पाणी जात होतं, तिथे हळद काय करणार?

मला ते ठिकाण ठाऊक होतं. तुमच्या घरच्या कुकरच्या झाकणात रबरी रिंग असते ना? तसाच माझ्या इंजिनच्या डोक्याच्या आणि धडाच्या मध्ये एक पातळ थर असतो. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. माझं गॅस्केट आतल्या आत फुटलं होतं. थोडं पाणी ऑइलमध्ये झिरपे, थोडं वाफ होऊन धुरातून निघून जाई. मी तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत नेला, पांढरा धूर सोडला. पण दोघं एकमेकांच्या पाठीवर नजर ठेवून होते, माझ्याकडे बघायला सवड कोणाला? शिवाय आपल्या दिवशी नीट उघडून बघावं, तर बिघाड आपल्याच गळ्यात पडायचा. म्हणून पाणी ओतायचे, गरम गरम पळवायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायचे.

शेवटी बोलणंच बंद झालं. ठरलं, गाडी विकायची आणि वाटे करायचे. दिग्रसला एक गिऱ्हाईक होतं. पण मला एकट्याने न्यावं इतकाही विश्वास उरला नव्हता. म्हणून दोघं निघाले, आणि आपापल्या नवऱ्याच्या बाजूने लक्ष ठेवायला लालीबाई आणि नागोरावची कांताबाईही निघाल्या. चौघांच्या देखत पाणी काठोकाठ भरलं.

पहिल्याच मोठ्या चढावर काटा लाल झाला.

नागोरावने मला पळसाखाली उभं केलं. कांताबाई खाली उतरली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता सांगा. आता कोणं पेलं पाणी?"

मागून लालीबाईने नाक वर करून हुंगलं. "अवो, या धुराले फोडणीचा वास काहून येऊन राह्यला?"

तिच्या हळदीचाच वास होता तो; पाणी इंजिनात जळत होतं. नागोराव थबकला. त्याने ऑइल मोजायची काडी ओढली. काळ्या ऑइलच्या जागी दुधाळ, पिवळसर चिकट काहीतरी आलं. मी पुरती गार होईपर्यंत चौघं बसून राहिले. मग त्यांनी नवं पाणी भरलं आणि झाकण उघडं ठेवूनच मला सुरू केलं. पाण्यात भराभरा बुडबुडे उठले. रामसिंगने बोट बुडवून पाहिलं.

"गार पाणी उकयते काय गड्या?"

"इंजिनातली हवा हाय थे," नागोराव हळूच म्हणाला. "हेडचं गॅस्केट गेलं."

मग तो प्रश्न आला, ज्याला दोघं इतके दिवस भीत होते. लालीबाईनेच विचारला. "आज पाळी कोणाची?"

रामसिंगने ओलं बोट पुसलं, नागोरावकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "दोघायची."

दिग्रसच्या मिस्त्रीने माझं डोकं उघडलं आणि चुकचुकला. तापवून तापवून ते वाकलं होतं; घासून सपाट करावं लागलं. "पहिल्याच दिवशी आणली असती त नुसत्या गॅस्केटवर भागलं असतं," तो म्हणाला. दोघांनी माना खाली घातल्या. गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. त्याला कोणी बोलावलं नाही.

सगळं लगेच पूर्वीसारखं झालं, असं मी सांगणार नाही. वाकलेलं लोखंड घासता येतं, मनाला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामसिंगने किल्ली दिली, तेव्हा नागोरावचा हात सवयीने बॉनेटकडे गेला आणि मध्येच ओशाळून थांबला.

"पाह्य ना बे, लाजतं कायले? मीबी पाह्यतो," म्हणत रामसिंगनेच बॉनेट उचललं. दोन डोकी माझ्यावर वाकली. मी गार झाले होते; त्यांनी झाकण काढलं, पाणी गळ्यापर्यंत होतं. झाकण लावायला दोघांचे हात एकदमच पुढे आले.

मित्रांनो, तुमच्या घरात काही कमी पडू लागलं, तर लगेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू नका. वस्तू बोलत नाही, पण काटा दाखवते, धूर सोडते, तिचं ऐका. आणि झाकण दोघांनी मिळून उघडा. पण आधी जरा थांबा. तापलेलं कधीही उघडू नका. गार होऊ द्या.