मुंग्यांचा वाटा

कोरड्या नदीकाठची तीन वारुळं कुणीतरी तळापर्यंत उकरली होती आणि आळ आला होता हुरिसवर. पावसानंतर मुंग्या गवताचं बी गोळा करून जमिनीखाली साठवतात. बायांनी ते उकरायचं, निम्मं घ्यायचं, निम्मं मुंग्यांना ठेवून तोंडावर दगड लावायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बी मिळतं, हे टोळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथे ना बी उरलं होतं, ना दगड. होती ती फक्त पावलं, आणि उजव्या पायाला करंगळी नसलेली बाई टोळीत एकच होती.

हुरिसच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं उन्हातान्हात वारुळं हुडकून तिने या सगळ्यांची पोटं भरली होती, आणि आज हेच लोक तिच्याशी नजर मिळवत नव्हते. तिने चारचौघांत ठणकावून सांगितलं, की वारुळं उकरली गेली ते तीनही दिवस ती नदीच्या पात्रात पाण्यासाठी वाळू उपसत होती, तीही नणंदेच्या डोळ्यांदेखत. नणंद नाउमाने मान खाली घातली.

"होतीस गं वहिनी. पण पाऊल कसं खोटं बोलेल?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

उद्या टोळी पुढच्या पाणवठ्याला निघणार होती, आणि हुरिसने मागेच राहायचं, असं ठरलं. या खोऱ्यात एकट्या माणसाने मागे राहायचं म्हणजे काय, हे ठरवणाऱ्यांना चांगलं कळत होतं.

ती धुमसतच माग काढत निघाली. चोराला मानगुटीला धरून सगळ्यांसमोर उभं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिसऱ्या वारुळापासून पावलं टेकडीमागे वळली होती. टाच खोल रुतलेली, म्हणजे ओझं जड. तिने रागारागाने त्या ठशात पाय ठेवला, आणि तो करंगळीच्या रिकाम्या जागेसकट चपखल बसला.

टेकडीमागे त्या पावलांशेजारी एक लहान पाऊल चालू लागलं होतं. हुरिस त्याच्याशी उकिडवी बसली. मागच्या दुष्काळात चालवत नाही म्हणून टोळीने तिची लेक इथेच सोडली होती, आणि तेव्हा कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं, हुरिसनेही नाही. तिने वीत लावून ठसा मोजला. पाऊल लेकीचंच होतं, फक्त बोटभर वाढलेलं. आणि शेजारची मोठी पावलं हुरिसचीच होती, जणू तेव्हा मागे वळून लेकीपाशी राहिलेल्या हुरिसची.

ती उठली आणि लहान पावलं एकेक करून हाताने पुसत परतली.

नाउमा वाटेतच थांबली होती. "सापडलं का कुणी?"

"नाही. मीच नेलं बी," हुरिस म्हणाली. "तुम्ही निघा उद्या. मी राहते."