एकवीस पूर्ण व्हायच्या आत

चिमणीला सकाळची गोळी देऊन आईने पाकीट नेहमीसारखं डब्यामागे सारलं, तेवढ्यात बाबा छापखान्यातून अर्ध्या पाळीतच घरी आले. हातात विमा कचेरीचं पत्र होतं. छापखान्याच्या विम्यात कामगारांची मुलं एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंतच असतात. अपंगत्वाचा दाखला त्याआधी पोचला तर पुढेही राहतात. नाहीतर नाव कटतं, आणि कटलेलं पुन्हा चढत नाही. शुक्रवारी चिमणीला एकवीस पूर्ण होणार होती.

सहाव्या वर्षापासून तिला फिट येत. औषधं विम्यावर चालली होती, पण दाखला कधी काढला नाही. दाखला म्हणजे बोभाटा, आणि बोभाटा झाला की थोरलीला कोण करून घेणार? म्हणून लोकांना सांगायचं, पोरीला पित्ताचा त्रास आहे. आपल्या समाजात पित्त चालतं, फिट चालत नाही.

"दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड सरकारी हॉस्पिटलात बुधवारीच बसतं," बाबा म्हणाले. "म्हणजे उद्या."

"उद्या थोरलीला बघायला येतायत. पुढच्या बुधवारी जाऊ."

"तोवर नाव कटलेलं असेल."

"अहो, मुलाची आत्या त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. दारावर नावांची यादी लावतात."

बाबांनी पत्र घडी करून खिशात घातलं. ते कायम गप्पच बसत आले होते, आणि घरात त्यालाच समजूतदारपणा म्हणत.

"मी गोळ्या अर्ध्या करून घेईन," चिमणी हळूच म्हणाली.

थोरली उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री बंद केली आणि सगळ्यांसमोर मुलाला फोन लावला. "उद्या येऊ नका. धाकटीला फिट येतात, तिचा दाखला काढायला जायचंय. रविवारी आलात तर बरं."

पलीकडून उत्तर आलं, घरी विचारून सांगतो.

"घर बुडवलंस गं," आई म्हणाली.

"हिच्या गोळ्या अर्ध्या करून मला संसार थाटायचा नाही."

मुलाचा फोन परत आला नाही.

बुधवारी आई खाली मान घालून दोघींबरोबर गेली. बोर्डाच्या खोलीबाहेर बाकांवर आया बसल्या होत्या, बहुतेक जणी भिंतीकडे तोंड करून. त्यांत भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण होती. तिचा मुलगा परगावी शिकतो, असं आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. तो तिच्या खांद्यावर मान टाकून बसला होता. आईने आणि तिने एकमेकींना ओळख दिली नाही.

शिपायाने चिमणीचं नाव मोठ्याने पुकारलं. थोरली तिला आत घेऊन गेली. आई शेजारणीजवळ सरकली.

"आमच्या धाकटीला फिट येतात. पंधरा वर्षं झाली."

शेजारणीने मुलाची लाळ पुसली. तिचा नवराही त्याच छापखान्यात होता.

"ह्याला मागच्या महिन्यात एकवीस पूर्ण झाली. नाव कटलं. तरी विचारून बघते म्हटलं."

"पत्र नव्हतं आलं?"

"आलं होतं ना. कुणी वाचेल म्हणून मीच फाडून टाकलं."